रस्त्याच्या बैठकीला चालणारा माणूस का नसतो?

मित्रांनो, पोस्ट जरा लांब आहे. पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी तुमच्यासाठी एक काम आहे.

आपल्या नगरपालिकेनं स्टँड ते तहसील रस्त्याची नवी आखणी लोकांपुढे ठेवलीय. दोन्ही बाजूंनी सलग फूटपाथ, शाळेच्या बाजूनं सायकलसाठी पट्टी आणि पार्किंग एकाच बाजूला. परवा त्यावर बैठक झाली, बातमीसाठी मीही गेलो होतो. दुकानदार म्हणाले, "दारात गाडी लावता आली नाही तर गिऱ्हाईक थांबणार नाही." भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "फूटपाथ झाल्यावर आम्ही पाट्या कुठं मांडायच्या?" एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "पुण्यात सायकल ट्रॅक केले, काय झालं त्यांचं? गाड्या लागतात त्यावर!" सगळे हसले आणि बैठक जवळजवळ तिथंच संपली.

गुरुजी खोटं बोलले नाहीत. पण पुण्याची गोष्ट एवढीच नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमासाठी मी तिथं होतो, जुन्या सायकलवर शहर फिरलो, नंतर बातमीदार म्हणूनही जात राहिलो. म्हणून ती गोष्ट थोडी मागून सांगतो.

पुण्यात कर्वे रोड आहे. ज्यांचं नाव त्या रस्त्याला दिलं, ते अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. 1900 मध्ये त्यांचा विधवांसाठीचा आश्रम शहराबाहेर हिंगण्याला गेला. कॉलेजचं काम आटोपून अण्णा तिथं पायी जायचे, पावसाळ्यात चिखल तुडवत. आज त्याच रस्त्यावर उड्डाणपूल आहे, वरून मेट्रो जाते, आणि खाली रस्ता ओलांडायला म्हातारी माणसं ताटकळत उभी असतात.

सायकल आपल्याकडे आली तेव्हा ती बड्या लोकांची चीज होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात दुकान काढलं ते सायकलींचंच, कारखाना पुढचा. हळूहळू सायकल कारकुनाची, कामगाराची, कॉलेजच्या मुलींची झाली. खडकीचा दारूगोळा कारखाना सुटला की रस्ताभर सायकलींचा लोंढा, ही आठवण जुने पुणेकर अजून सांगतात. 'सायकलींचं शहर' हे नाव पुण्याला कुठल्या योजनेनं दिलं नाही, या लोकांनी दिलं.

त्या काळी सायकलला कर होता. पैसे भरायचे आणि पत्र्याचा बिल्ला लावून घ्यायचा. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस अडवायचा. आपल्या गावातही वडीलधाऱ्यांना हे आठवत असेल. त्रास होता, पण सायकलवाला सरकारदरबारी मोजला जात होता. पुढे बिल्ला गेला आणि सायकलवाला कागदावरूनही गेला.

मग स्कूटर आली, लुना आली, कर्जावर मोटारसायकल मिळायला लागली. लोकांनी ती घेतली, त्यात त्यांचं चुकलं नाही. घरं लांब गेली, बस वेळेवर येईना. 2018 मध्ये पुण्यात नोंदलेली वाहनं 36 लाखांच्या पुढे गेली आणि लोकसंख्या होती साधारण 35 लाख. म्हणजे माणसांपेक्षा गाड्या जास्त!

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात स्पष्ट म्हटलंय की वाहनं नव्हे, माणसं हलवण्याचा विचार करा. केंद्राचा पैसा आला, पुण्यात सायकल ट्रॅक झाले. पण कसे? मध्येच झाड, मध्येच विजेचा डीपी, चौक आला की ट्रॅक गायब. सायकलस्वाराला खरी भीती चौकात असते आणि नेमकं तिथंच त्याला वाऱ्यावर सोडलं. तो मुख्य रस्त्यावरूनच जात राहिला. रिकाम्या ट्रॅकवर गाड्या लागल्या आणि लोक म्हणाले, बघा, सायकल कोणी चालवतच नाही.

2016 मध्ये पुणे महापालिकेनं पादचारी धोरण केलं. 2017 च्या डिसेंबरात सायकल आराखडा मंजूर झाला, आठशे किलोमीटरच्या पुढचं जाळं आखलेलं. त्याच महिन्यात औंध आणि विद्यापीठ परिसरात अ‍ॅपवर भाड्यानं सायकली मिळायला लागल्या. त्यातल्या कितीतरी मोडल्या गेल्या, कुठंकुठं फेकून दिलेल्या सापडल्या. मला तेव्हा आपला तासाच्या भाड्यानं सायकल देणारा दुकानदार आठवला. तो वहीत नाव लिहायचा आणि बापालाही ओळखायचा. त्याची सायकल ओढ्यात टाकायची कोणाची हिंमत होती?

लक्ष्मी रोडचंही बघा. 11 डिसेंबर 2021 ला महापालिकेनं 'पादचारी दिन' केला. नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक रस्ता वाहनांना बंद ठेवला. भर रस्त्यात लोक रमतगमत फिरले, मुलं खेळली. दिवस संपला, पुन्हा हॉर्न सुरू. व्यापाऱ्यांची धास्ती जुनीच आहे: गाडी नाही तर गिऱ्हाईक नाही. पण लक्ष्मी रोडला लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं कुटुंब एकदा गाडी लावलं की दहा दुकानं पायीच फिरतं, हे त्या व्यापाऱ्यांइतकं कोणाला माहीत असणार?

मला यातून एक गोष्ट दिसते. पुण्याचे ट्रॅक लोकांना सायकल नको होती म्हणून फसले नाहीत. जे चालतात आणि सायकल चालवतात त्यांना विचारून ते झाले नाहीत, आणि ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता त्यांना उत्तर न देता झाले. उत्तर न मिळालेली हरकत कुठं जात नाही. ती पुढं फूटपाथवर गाडी होऊन उभी राहते.

म्हणून भाजीवाल्या मावशींचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य पथविक्रेत्यांचेच हवेत. त्यांची जागा नकाशातच दाखवा. माल उतरवायची वेळ दुकानदारांशी बसून ठरवा.

आणि आता खरी गोम. बैठक होती कामाच्या दिवशी, सकाळी 11 वाजता. तेव्हा सायकलवर येणाऱ्या मुली वर्गात होत्या, पायी जाणारा मजूर कामावर होता. सभागृहाबाहेर मी मुद्दाम पाहिलं, सगळ्या मोटारसायकली आणि चारचाकी, सायकल एकही नाही. 2011 च्या जनगणनेत शेती सोडून इतर कामाला लोक कसे जातात ते विचारलं होतं. देशभरात पायी जाणारे सुमारे साडेचार कोटी, सायकलनं जाणारे सुमारे 2 कोटी 60 लाख, आणि मोटार-जीपनं साधारण 54 लाख. बैठकीत मात्र आवाज कोणाचा मोठा, ते मी पाहून आलोय.

आता तुमचं काम. हरकती-सूचनांची मुदत अजून संपलेली नाही. साध्या कागदावर लिहा: मी या रस्त्यानं रोज कशी जाते, कुठं अडते, काय हवं. विरोध असेल तर विरोध लिहा, कारणासकट. आवक-जावकला द्या आणि शिक्का मारून पोच घ्या. घरात शाळेला जाणारी मुलगी असेल तर तिला लिहायला बसवा, रस्ता तिला आपल्यापेक्षा जास्त पाठ आहे. आणि पुढची बैठक रविवारी किंवा संध्याकाळी घ्या, एवढी एक ओळ प्रत्येक अर्जात टाका.

माझा अर्ज मी उद्या देतोय. पायी जाऊन.