हार्टफर्डच्या बदलत्या बॅटऱ्या
विजेवरच्या मालट्रकांच्या चार्जिंगचा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी शहरांत असे ट्रक माल पोहोचवत. पण जड बॅटऱ्या चार्ज व्हायला कित्येक तास लागत आणि तोवर गाडी अडून राही. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्डच्या वीज कंपनीने यावर अदलाबदलीचा तोडगा काढला. ग्राहक जनरल व्हेईकल कंपनीचा ट्रक बॅटरीविना विकत घेई. बॅटरी वीज कंपनी पुरवी. उतरलेली बॅटरी काढून चार्ज केलेली बसवली जाई. ग्राहक दरमहा ठरावीक शुल्क आणि धावलेल्या मैलांनुसार आकार भरत असे. १९१० च्या सुमारास सुरू झालेली ही सेवा १९२४ पर्यंत चालली. तेवढ्या काळात तिच्या गाड्या एकूण सुमारे ६० लाख मैल धावल्या. पुढे पेट्रोलच्या ट्रकांनी बाजार काबीज केला.