वॉशू
वॉशू : (सु. सप्टेंबर १९६५–३० ऑक्टोबर २००७). अमेरिकन चिन्हभाषेतील खुणा शिकून माणसांशी संवाद साधणारी पहिली चिंपँझी मादी. जन्म पश्चिम आफ्रिकेत. अमेरिकेच्या हवाई दलाने अंतराळ संशोधनासाठी तिला मिळवले होते. त्या काळी चिंपँझीचे पिल्लू हाती लागावे म्हणून बहुधा त्याच्या आईला ठार केले जाई, ही गोष्ट वॉशूची हकिकत सांगताना गाळता येत नाही. जून १९६६ मध्ये नेव्हाडा विद्यापीठातील ॲलन व बिॲट्रिक्स गार्डनर या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तिला रीनो येथे आणले. रीनो ज्या वॉशू काउंटीत आहे, तिचेच नाव पिल्लाला मिळाले.

तोवरचे प्रयत्न चिंपँझीला बोलायला शिकवण्याचे होते. कीथ व कॅथरीन हेज यांनी विकी ही चिंपँझी घरात मुलीसारखी वाढवली. वर्षानुवर्षांच्या खटपटीनंतर तिला ‘मामा’, ‘पापा’, ‘कप’ व ‘अप’ एवढे चारच शब्द, तेही घोगरे, काढता आले. चिंपँझींना स्वतःच्या आवाजावर माणसासारखा ताबा ठेवता येत नाही. विकीच्या चित्रफिती पाहताना गार्डनर दांपत्याच्या ध्यानात आले, की आवाज बंद केला तरी तिला काय हवे ते हातवाऱ्यांवरून कळते. कपींना खुणा शिकवून पाहाव्यात असे रॉबर्ट यर्कीझ यांनी १९२५ मध्येच सुचवले होते. अमेरिकन कर्णबधिरांची चिन्हभाषा ही स्वतंत्र रचना असलेली पूर्ण भाषा आहे हे विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये दाखवून दिल्यामुळे या कल्पनेला आता पक्का पाया मिळाला होता.

वॉशूला पिंजऱ्यात ठेवले नाही. गार्डनरांच्या परसातील एका ट्रेलरमध्ये ती लहान मुलासारखी वाढली. कपडे, खेळणी, चित्रांची पुस्तके, जेवणानंतर दात घासणे, सारे काही होते. मात्र तिच्यासमोर कोणी तोंडाने बोलायचे नाही, खुणांनीच बोलायचे, असा नियम होता. ‘आणखी’ ही खूण ती गुदगुल्यांच्या खेळात शिकली आणि मग खाण्यासाठी, इतर खेळांसाठीही वापरू लागली. ‘उघड’ ही खूण दारापासून सुरू होऊन कपाट, फ्रिज आणि शेवटी नळापर्यंत पोहोचली. ‘फूल’ ही खूण मात्र तिने कोणत्याही वासाला लावली. तंबाखूचा बटवा उघडला किंवा स्वयंपाकघरातून वास आला, की ती ‘फूल’ म्हणे. लाळेऱ्यासाठी गार्डनरांना योग्य खूण ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी दुसरीच ठरवली. वॉशूने स्वतःच्या छातीवर लाळेऱ्याचा आकार बोटांनी रेखला, आणि खरी खूण तीच असल्याचे चिन्हभाषेच्या जाणकारांनी पुढे सांगितले.

एखादी खूण तिला ‘आली’ असे ठरवण्याचा निकष कडक होता. आधी तीन वेगवेगळ्या निरीक्षकांनी ती आपणहून व योग्य प्रसंगी केल्याचे नोंदवले पाहिजे, त्यानंतर सलग १५ दिवस ती रोज दिसली पाहिजे. २२ महिन्यांत अशा सुमारे ३० खुणा झाल्या. १९६९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले. पुढे खुणांची संख्या सुमारे १३० झाली.

आक्षेप लवकरच आले आणि ते किरकोळ नव्हते. वॉशूच्या चमूतील एका जन्मतः कर्णबधिर सदस्याचे म्हणणे होते, की ऐकू येणारे सहकारी तिची कोणतीही हालचाल खूण म्हणून लिहून घेत. कोलंबिया विद्यापीठातील हर्बर्ट टेरेस यांनी निम चिंपस्की या चिंपँझीला सुमारे १२५ खुणा शिकवल्या, आणि चित्रफिती बारकाईने तपासल्यावर १९७९ मध्ये जाहीर केले, की निम बहुतेक वेळा शिक्षकाच्या नुकत्याच केलेल्या खुणांची नक्कल करतो. त्याची लांबलेली ‘वाक्ये’ म्हणजे ‘दे’, ‘संत्रे’, ‘मला’, ‘खा’ यांचीच आवर्तने होती. वाक्यरचनेपुरता हा निष्कर्ष मान्य करावा लागतो. कपींच्या खुणांत व्याकरण असल्याचा खात्रीचा पुरावा नाही. वस्तूला नाव देणे मात्र निव्वळ नक्कल म्हणून निकालात काढता येत नाही, कारण गार्डनरांनी घेतलेल्या चाचण्यांत पडद्यावरचे चित्र निरीक्षकांना दिसत नव्हते, तरी चिंपँझींची उत्तरे मोठ्या प्रमाणात बरोबर आली.

वॉशूच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचा भाग यानंतरचा आहे, आणि या वादात त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. १९७० मध्ये ती गार्डनरांचे सहायक रॉजर फाउट्स यांच्यासह ओक्लाहोमातील नॉर्मन येथे गेली. १९७९ मध्ये तिचे पिल्लू दगावले. फाउट्स यांनी लूलिस हे दहा महिन्यांचे दुसरे पिल्लू तिच्याकडे आणले. हे आपले बाळ नव्हे हे कळताच ती थंडावली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या कुशीत झोपलेला दिसला. लूलिससमोर माणसांनी प्रश्नार्थक वगैरे मोजून सात खुणाच करायच्या असे ठरले. तरीही पाच वर्षांत लूलिसला ५० हून अधिक खुणा आल्या. त्या त्याला वॉशूकडून व इतर चिंपँझींकडून मिळाल्या. वॉशू कधी त्याचे हात धरून ‘खाणे’ ही खूण घडवी, तर कधी त्याच्यापुढे लहानशी खुर्ची ठेवून ‘खुर्ची’ ही खूण पुन्हा पुन्हा करून दाखवी.

१९८० मध्ये फाउट्स वॉशू व लूलिसला घेऊन वॉशिंग्टन राज्यातील एलेन्सबर्ग येथील विद्यापीठात आले आणि वॉशूचा मृत्यूही तेथेच झाला. तिला आयुष्यभर सांभाळणारी माणसे मिळाली. प्रयोग संपल्यावर इतर अनेकांच्या वाट्याला हे आले नाही. निमला १९८२ मध्ये वैद्यकीय प्रयोगशाळेत धाडण्यात आले, आणि लोकांनी आवाज उठवल्यावरच तो सुटला. ओक्लाहोमात खुणा शिकलेला बूई त्याच प्रयोगशाळेत होता. १९९५ मध्ये दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमासाठी फाउट्स तेथे गेले, तेव्हा इतक्या वर्षांनंतरही बूईने त्यांना ओळखून खुणेने त्यांचे नाव घेतले. कार्यक्रम दाखवला गेल्यावर त्याची रवानगी अभयस्थानात झाली. लूलिस आणि त्याची सोबतीण टाटू यांना २०१३ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या फॉना संस्थेच्या अभयस्थानात हलवण्यात आले.