समोरची भिंत

इंटिरियर डिझाईन म्हटलं की आपल्याला फॉल्स सीलिंग आणि मॉड्युलर किचन आठवतं. पण मंडळी, काटेवाडीच्या किंवा इंदापूरकडच्या एखाद्या बौद्ध घरात जाऊन बघा. खोल्या दोनच का असेनात, समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब असतात. 1956 च्या धर्मांतरानंतर अनेक घरांतले देव्हारे गेले आणि ही तसबीर आली. हिच्यामागे एक इतिहास आहे बरं का.

1917 साल. परदेशातून शिकून आलेले आंबेडकर बडोदा संस्थानात नोकरीला गेले. महार म्हणून राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव लावून, दीड रुपया रोजाने एका पारशी धर्मशाळेच्या वरच्या मजल्यावर राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी ती जागा जशीच्या तशी उभी केली आहे: दालनात मोडक्या खुर्च्या, बाकं, अडगळ, वीज नाही, एक मिणमिणता कंदील, आणि वटवाघळं! तशातही ते वाचत बसायचे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. संध्याकाळपर्यंत हा माणूस सार्वजनिक बागेत बसून होता.

मुंबईत परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्या होत्या. त्यातच संसार, त्यातच पुस्तकं. मग 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभं राहिलं. नाव मगधाच्या जुन्या राजधानीचं. आमच्या धंद्यात आधी रिक्वायरमेंट लिहून घेतात. इथे ती एका शब्दात होती, पुस्तकं. खाली कुटुंब, वर ग्रंथालय आणि ऑफिस. श्रीमंती दाखवायला नव्हे, तर कुणी उठवणार नाही अशा जागी वाचत बसता यावं म्हणून हे घर.

अमेरिकेत बेल हुक्स या कृष्णवर्णीय लेखिकेने 1990 मध्ये 'होमप्लेस' या निबंधात हेच मांडलं. बाहेर दिवसभर अपमान होतो, तेव्हा बायकांनी राखलेलं घर हीच माणूस म्हणून सावरायची जागा असते.

आज रमाई आवास योजनेतलं घर साधारण 269 चौरस फुटांचं. नाव रमाबाईंचं, ज्यांचा बराचसा संसार चाळीतच झाला. त्या घरात तसबीर कुठे लावायची, पुस्तकांची फळी कुठे ठोकायची, हे घरातली माणसं ठरवतात. पाय पसरून निवांत बसतात. आपल्याला यात विशेष काही वाटत नाही, कारण आपल्याला बसल्या जागेवरून कुणी उठवलेलं नसतं.