किनारी गावाची जुनी ठेवण

कोकणातले गाव कोणी आखून वसविलेले नसते, जागा मिळाली तिथे घर उभे राहिले, अशी समजूत शहरगावी पुष्कळांची असते. दापोली तालुक्याच्या किनाऱ्याने पायी हिंडणाऱ्याला निराळेच दिसते. महर्षी धोंडो केशव कर्वे ज्या मुरुडात लहानाचे मोठे झाले, ते गाव कोणा सत्पुरुषाने जंगल तोडून, वाटा व घरांच्या जागा नेमून देऊन वसविले, अशी हकीकत तेथे परंपरेने सांगतात. खाली गुहागरास वरचा पाट आणि खालचा पाट अशी समुद्राला समांतर वस्ती आहे. घरामागे आगर, आगरामागे पुळण. बुरोंडीला एवढी सपाटी लाभलेली नाही. इथे वर सडा, मध्ये उतार आणि खाली बंदर. साहजिकच गावाची वाट आडवी कमी, उभी जास्त. पण दोन्हीकडे रचनेचे माप एकच होते, ते म्हणजे पायी चालणारे माणूस, आणि तेही बहुधा डोक्यावर ओझे घेतलेले.

पाखाडीकडे नीट पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. मासळीची पाटी किंवा पाण्याची घागर डोक्यावर असलेल्या बाईला पायाखाली बघता येत नाही. म्हणून जुन्या पाखाडीची पायरी बसकी आणि ऐसपैस. दोन पावले टाकावी तेव्हा एक चढण. समोरून कोणी आले तर अंग चोरून उभे राहता येईल एवढीच रुंदी. दोन्ही अंगांना गडगे आणि त्यांवरून वाकलेली झाडे असल्याने वैशाखातही पाय भाजत नाहीत. वाट मुद्दाम वळणावळणाची. उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून येणारा खारा वारा तिच्यातून वर चढतो, रात्री मतलई वारा उलट उतरतो. पण आषाढातले वादळ सरळ घरात घुसत नाही, वळणावर त्याचा जोर मोडतो.

स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाने १५७३ साली अमेरिकेतील वसाहतींसाठी नगररचनेचे नियम काढले. थंड प्रदेशात रस्ते रुंद असावेत, उष्ण प्रदेशात अरुंद; गाव किनाऱ्यावर असेल तर मुख्य चौक जहाजे लागतात त्या धक्क्यापाशी असावा, असे त्यांत सांगितले आहे. कोकणात असे फर्मान काढायला कोणी राजा आला नाही. उन्हातून बंदरावर जाणाऱ्यांनीच तो नियम पायांनी घालून दिला.

दगडही इथलाच. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. फ्रान्सिस बुखानन याने १८०७ साली मलबारात याच दगडाला ‘लॅटराईट’ हे नाव दिले, ते विटेला असलेल्या लॅटिन शब्दावरून. जांभ्याच्या पाखाडीतले सांधे पाणी पितात. दापोलीच्या बाजूस वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातले थोडे जमिनीत मुरले, बाकीचे कडेच्या गटारातून पऱ्याला मिळाले, की खालच्या विहिरींना गोडे पाणी राहते. पाखाडीवर सिमेंट ओतले म्हणजे ती दिसते स्वच्छ, पण पावसाळ्यात तोच पऱ्या होतो आणि शेवाळावरून म्हातारी माणसे घसरतात. सोय केली असे ज्याला म्हणायचे, तिची ही दुसरी बाजू वर्गणी देताना कोणाच्या डोळ्यांसमोर नसते.

घराचे तोंड समुद्राकडे असावे ही हौस अलीकडची. जुन्या घराचे खळे वाटेकडे आणि पाठ समुद्राकडे. ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्याला वाटेवरून कोण आले, कोण गेले हे दिसे. येणाऱ्यालाही पाणी विचारले जाई. फ्लोरिडात १९८० नंतर सीसाइड नावाचे ८० एकरांचे गाव नव्याने वसविले, तेव्हा तिथल्या शिल्पज्ञांना घरापुढे पडवी ठेवण्याचा नियम घालावा लागला, आणि घरांच्या मागून वाळूच्या पायवाटा राखाव्या लागल्या. आपल्याकडे पडवी नियमावाचून होती आणि ती काढून तिथे गाडी उभी करण्याची पद्धत पडत आहे.

पुळणीवर घर बांधू नये हे जुन्या लोकांना सांगावे लागत नसे. केवड्याचे बन, मग माड-पोफळीचे आगर आणि त्यानंतर माणसाची वस्ती, असा क्रम होता. १९९१ साली केंद्र सरकारने किनारा नियमनाची अधिसूचना काढली आणि ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई केली. मच्छीमारांच्या घरांचा प्रश्न त्यात नेहमी अडकतो, कारण होडी आणि जाळे नजरेआड ठेवून धंदा होत नाही. त्यांचे घर धंद्यासाठी बंदराजवळ असते. पाहुण्यांसाठी पुळणीवर उभे राहणारे घर त्या जातीचे नव्हे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस धडकले. त्याच्या तडाख्यात दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरील छपरे उडाली, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. झाडे पडून मोटाररस्ते बंद, वीज नाही, फोन नाही. अशा वेळी शेजारच्या वाडीची खबर आणायची तर चालतच जावे लागते, आणि सड्यावरच्या जुन्या वाटा ठाऊक असलेले माणूस हवे असते.

मुंबईकर मंडळी पूर्वी बोटीने हर्णैला येत, पडावातून किनाऱ्याला लागत आणि तिथून पुढे पायी किंवा बैलगाडीने आपापले गाव गाठीत. बोटी बंद झाल्या, एस.टी. आली, आता स्वतःच्या गाड्या आल्या. गाडी दारापर्यंत यावी असे वाटण्यात गैर काही नाही. आजारी माणसाला उचलून नेण्याचे हाल ज्यांनी पाहिले आहेत, ते तर रस्ता मागणारच. प्रश्न एवढाच उरतो, की गाडी कुठे थांबावी. देवळाचा सभामंडप तीन बाजूंनी मोकळा ठेवण्याची जुनी रीत आहे, ती चढण चढून आलेल्याने टेकावे म्हणूनही. त्याच्या पुढ्यातले झाड आणि पार काढून फरसबंदी केली, तर तिथे गाड्या राहतील, माणसे टेकणार नाहीत.

शिमग्यात पालखी घरोघर जाते. तिचा दांडा लांब, भोये पुढे-मागे, शिवाय बरोबर ढोलवाले. ज्या वळणावर गडगा पुढे सरकला असेल किंवा नवे फाटक वाटेत आले असेल, तिथे पालखी अडते. भोये थांबतात, मागचे पुढच्यांना हाक देतात आणि वाट अडविणारे घर कोणाचे, हे त्या रात्री सगळ्या वाडीला कळते.