क्लाउडवरील डिस्क : जागा वेगळी, वेग वेगळा

कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून एक रस्ता भोसरीमार्गे चाकणकडे जातो. या पट्ट्यात वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणारे असंख्य लघुउद्योग आहेत. त्यांपैकी अनेकांचा हिशेब, मालसाठा आणि डिलिव्हरी चलने आता कार्यालयातील सर्व्हरऐवजी भाड्याच्या 'क्लाउड'वर असतात. महिनाअखेरीस किंवा जीएसटी विवरणपत्रांच्या मुदतीच्या आसपास ही यंत्रणा रेंगाळू लागली, की 'डिस्क मोठी करा' हा सल्ला हमखास मिळतो. तो पुष्कळदा अनाठायी ठरतो, कारण तुटवडा जागेचा नसून वेगाचा असतो.

क्लाउडवरील डिस्कची तीन मापे असतात. पहिले साठवणुकीच्या जागेचे. दुसरे एका सेकंदात वाचन-लेखनाच्या किती मागण्या पूर्ण होतात याचे. त्याला 'आयओपीएस' म्हणतात. तिसरे सेकंदाला किती मेगाबाइट माहिती वाहते याचे, म्हणजे 'थ्रूपुट'. चलने आणि बिलांच्या बारीक नोंदींचा भार प्रामुख्याने आयओपीएसवर पडतो, तर रात्रीच्या बॅकअपचा थ्रूपुटवर.

ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपले क्लाउड केंद्र सुरू केले. तिच्या जुन्या 'जीपी-२' प्रकारात वेग जागेला बांधलेला आहे : दर जीबीमागे ३ आयओपीएस. म्हणजे १०० जीबीच्या डिस्कला ३००. गर्दीच्या वेळी ती ३,००० पर्यंत धावते, पण बँकेतील शिलकीसारख्या साठवलेल्या श्रेयावर. सतत पूर्ण वेगाने वापरल्यास ही शिल्लक सुमारे ३३ मिनिटांत संपते आणि डिस्क पुन्हा ३०० वर येते. सकाळी सुरळीत चाललेले काम थोड्याच वेळात अचानक अडण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या 'जीपी-३' प्रकारात जागा कितीही असो, ३,००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ मेगाबाइट हा वेग मूळ दरातच मिळतो. त्यापुढच्या वेगाचे पैसे वेगळे. शिवाय जागेचा दर जीपी-२ पेक्षा २० टक्क्यांनी कमी ठेवण्यात आला. तरीही जुन्या डिस्क आपोआप बदलत नाहीत. हा बदल ग्राहकाला स्वतः करावा लागतो.

मायक्रोसॉफ्टच्या 'अझूर'चे 'सेंट्रल इंडिया' केंद्र तर २०१५ पासून पुण्यातच आहे. तेथील 'प्रीमियम एसएसडी' डिस्कमध्ये १२८ जीबीला ५०० आणि १ टीबीला ५,००० आयओपीएस मिळतात. मात्र जागा तेवढीच ठेवून काही दिवसांपुरती वरची श्रेणी घेता येते. त्या काळात बिलही वरच्या श्रेणीचेच लागते. काम संपल्यावर मूळ श्रेणीवर परतायचे विसरले, तर ते तसेच चालू राहते. श्रेणी खाली आणण्यावर १२ तासांतून एकदाच, अशी मर्यादाही आहे.

बदल करण्यापूर्वी आलेख पाहणे आवश्यक. ज्या वेळी काम अडते, त्याच वेळी आयओपीएस मर्यादेला टेकलेले आणि मागण्यांची रांग वाढलेली दिसली, तरच दोष डिस्कचा मानावा. ज्या आभासी संगणकाला डिस्क जोडलेली असते, त्याचीही स्वतःची मर्यादा असते. तीच आड येत असेल, तर डिस्कवर कितीही खर्च केला तरी फरक पडत नाही.

हे बदल बहुतेक वेळा यंत्रणा बंद न करता होतात. पण त्यांचा परिणाम तत्काळ दिसेलच असे नाही. ॲमेझॉनवर पूर्ण भरलेल्या १ टीबी डिस्कला नवा वेग मिळण्यास सुमारे ६ तास लागू शकतात. त्यामुळे विवरणपत्राच्या दिवशी सकाळी धावपळ करण्याऐवजी आदल्या रात्रीच बदल केलेला बरा. तत्पूर्वी 'स्नॅपशॉट', म्हणजे डिस्कची प्रत, घेऊन ठेवावी.

वेग वाढवून पुन्हा कमी करता येतो. जागेचे तसे नाही. एकदा ५०० जीबी केलेली डिस्क या दोन्ही सेवांमध्ये थेट १०० जीबीवर आणता येत नाही. त्यासाठी नवी लहान डिस्क घेऊन माहिती तिच्यावर उतरवावी लागते, तपासावी लागते आणि मगच जुनी काढून टाकता येते. हे होईपर्यंत दोन्ही डिस्कचे भाडे लागते.