४०९८ ची गोष्ट

मंडळी, आजची गोष्ट ऑफिसातली आहे, पण ती येऊन पोचते थेट आमच्या हिंगणघाटला.

सिक्युरिटी ऑडिटसाठी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतून यादी काढली की कंपनीतल्या प्रत्येक कॉम्प्युटरची एक ओळ मिळते. माणसांसारखंच कॉम्प्युटरचंही खातं असतं, स्वतःचा पासवर्ड असतो. खात्याच्या स्थितीच्या रकान्यात मात्र नुसते आकडे: ४०९६, ४०९८.

हा एक स्विचबोर्ड समजा. प्रत्येक बटणाची किंमत ठरलेली, १, २, ४, ८ अशी दुप्पट होत जाणारी. जी बटणं चालू, त्यांची बेरीज रकान्यात येते. ४०९६ म्हणजे साध्या कॉम्प्युटरचं खातं, २ म्हणजे 'खातं बंद'. दोन्ही मिळून ४०९८.

मग १ कशाचा? लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टचा. हे बटण १९८७ साली आलेल्या लॅन मॅनेजरच्या जमान्यातलं. पुढे १९९३ मध्ये विंडोज एनटी आलं, २००० मध्ये अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली, पण बोर्ड तोच राहिला. म्हणजे मी ज्या बोर्डाचं ऑडिट करतो तो माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे :)

या बोर्डावर 'कॉम्प्युटर वापरात आहे का' हे बटण मात्र नाहीच. 'बंद' हा कुणीतरी घेतलेला निर्णय असतो. वापराचा अंदाज तारखांवरून बांधावा लागतो. विंडोज २००० मध्ये शेवटच्या लॉगिनची वेळ प्रत्येक सर्व्हर आपल्यापुरतीच ठेवायचा. सर्व्हर २००३ पासून सगळ्या सर्व्हरांकडे पोचणारी तारीख आली, पण तीही साधारण दोन आठवडे मागे असू शकते.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये एका कंपनीची अशी यादी माझ्याकडे होती. तिची एक जिनिंग फॅक्टरी आमच्याच गावाकडे. ९० दिवसांत न दिसलेली खाती मी बाजूला काढली. त्यात एक कॉम्प्युटर होता, एप्रिलपासून पासवर्डही न बदललेला. एरवी कॉम्प्युटर दर ३० दिवसांनी तो आपणहून बदलतो. म्हटलं, हा गेला. ४०९६ चं ४०९८ करायला सांगून मोकळा झालो.

दिवाळीनंतर फोन आला. तो वजनकाट्याचा कॉम्प्युटर निघाला! हंगाम सुरू, दारात कापसाच्या गाड्यांची रांग, शेतकरी सकाळपासून ताटकळलेले आणि लॉगिन होईना. खातं डिलीट केलं नव्हतं म्हणून वाचलो. २ चं बटण उतरवलं, पाच मिनिटांत काटा सुरू. मुख्य म्हणजे पासवर्ड जुना असूनही चालला. तो बदलायचं काम कॉम्प्युटरचंच. बंद पडून असेल तर जुनाच चालू राहतो, त्याची मुदत संपत नाही. हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

तिथले काका म्हणाले, "पावसाळ्यात जिनिंग बंद रायते, हे हिंगणघाटच्या पोट्ट्याले सांगा लागते का?"

काय बोलणार! इंग्रजांच्या काळात 'हिंगणघाट' हे कापसाच्या एका जातीचंच नाव होतं. आणि त्याच गावचा मी, कापसाचा हंगाम विसरून ९० दिवसांची पट्टी लावत बसलो होतो.

आता माझ्या यादीत एक जादा रकाना असतो: 'कुणाला विचारलं?' तो भरल्याशिवाय कुणाच्याही खात्यात २ मिळवत नाही. आणि डिलीट तर एक अख्खा हंगाम उलटल्यावरच.

असो. भेटू पुढच्या शनिवारी.