दार किती रुंद ठेवायचं? रणजी करंडक, विदर्भ आणि माझी एक चूक

दिवाळीत चांदूर बाजारला घरी गेलो की एक प्रश्न ठरलेला असतो, "पीएचडी कधी संपते?" या वेळी दुसराच प्रश्न आला. गावातल्या टेनिस बॉल सामन्यांची तयारी चालली होती. दरवर्षी १६ संघ असतात, यंदा ३२ घ्यावेत की नाही यावर पानटपरीवर वाद रंगला होता. एकाचं म्हणणं, खेड्यापाड्यातल्या पोरांना संधी मिळते. दुसऱ्याचं म्हणणं, कच्चे संघ आले की सामन्यांची मजा जाते. मला पाहून एक काका म्हणाले, "काय गा, तू एवढा शिकला, सांग ना, टीमा वाढवाव्या का नाई?"

मी लगेच उत्तर दिलं, "वाढवा. रणजीत वाढवल्या म्हणून तर आपला विदर्भ जिंकला."

हे उत्तर चूक होतं. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या माणसाने तर असं बोलायलाच नको होतं. कशी चूक, ते आज सांगतो. तुमच्यापैकी जे पेटच्या मुलाखतीची किंवा आराखड्याची तयारी करतायत, त्यांच्या प्रश्नांत हीच चूक हमखास सापडते.

आधी इतिहास

रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला, तेव्हा स्पर्धा सरळ बाद पद्धतीची होती. हरलात की घरी. ४ नोव्हेंबर १९३४ ला चेपॉकवर मद्रास आणि म्हैसूर यांचा पहिला सामना झाला आणि तो एका दिवसात संपला. म्हणजे म्हैसूरचा अख्खा हंगाम एका दिवसाचा! आपला भाग तेव्हा 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड' या नावाने खेळायचा.

१९५७-५८ पासून प्रत्येक विभागात साखळी सामने सुरू झाले. पाच विभाग, आणि प्रत्येकाचा फक्त विजेता पुढे. विदर्भ हा संघ याच हंगामापासून खेळतो, मध्य विभागात. लगेच पुढच्या वर्षापासून, १९५८-५९ ते १९७२-७३, मुंबईने सलग १५ वेळा करंडक जिंकला.

या नियमात एक गोम होती. मुंबई आणि महाराष्ट्र दोघंही पश्चिम विभागात. पुढे जाणार एकच. म्हणजे देशातले सगळ्यात चांगले दोन संघ हेच असते, तरी त्यांची अंतिम फेरीत गाठ पडणं अशक्य होतं. १९७०-७१ मध्ये नियम बदलला आणि प्रत्येक विभागातून दोन संघ, एकूण १०, बाद फेरीत आले. त्याच वर्षी अंतिम सामना कोणात झाला? मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. मुंबईचे मोठे खेळाडू भारतीय संघासोबत वेस्ट इंडिजला गेलेले, सुधीर नाईक कर्णधार, आणि मुंबई ४८ धावांनी जिंकली.

इथे एक गोष्ट टिपून ठेवा. दार रुंद केल्याने विजेता बदलला नाही. पण जुन्या नियमात जो सामना होऊच शकत नव्हता, तो झाला. "फायदा झाला का?" या प्रश्नाची एकाच वर्षात दोन उत्तरं मिळतात, तुम्ही काय मोजता त्यावर.

१९९२-९३ मध्ये दार आणखी रुंद झालं, प्रत्येक विभागातून तीन संघ. मध्य विभागात संघ होते पाच: उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान, रेल्वे आणि विदर्भ. पाचातले तीन पुढे जाणार, म्हणजे निम्म्याहून जास्त. तरी विदर्भाच्या हाती करंडक आला नाही. २००२-०३ मध्ये विभाग मोडले आणि एलिट व प्लेट अशा दोन पातळ्या आल्या. सुरुवातीला प्लेटमधल्या संघाला करंडक जिंकायची वाटच नव्हती. २००८-०९ पासून प्लेटमधले दोन संघही बाद फेरीत येऊ लागले. २०१७-१८ मध्ये पातळ्या काढून सात-सात संघांचे चार गट केले, प्रत्येक गटातले दोन पुढे. आणि त्याच हंगामात विदर्भ पहिल्यांदा विजेता झाला.

माझी चूक

त्या हंगामाच्या आठवणीने आजही अंगावर काटा येतो. कोलकात्यात कर्नाटकावर फक्त ५ धावांनी विजय. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरचं शतक, आणि १ जानेवारी २०१८ ला फैज फजलच्या हातात करंडक. साठ वर्षांची वाट. त्या वर्षी नियम बदलला आणि त्याच वर्षी आपण जिंकलो, मग दुसरं कारण कशाला शोधायचं?

सुट्टी संपल्यावर हे सगळं मी गाईडना उत्साहाने सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "विदर्भ गटात कितवा होता?"

"पहिला."

"मग दुसऱ्या संघासाठी दार उघडलं, याचा विदर्भाला काय उपयोग झाला?"

मी गप्प. विदर्भ ड गटात पहिला होता, बंगाल दुसरा. प्रत्येक गटातून एकच संघ घेतला असता, तरी विदर्भ बाद फेरीत असताच. ज्या बदलाला मी श्रेय देत होतो, त्याची विदर्भाला गरजच पडली नव्हती.

या तपासणीला मी माझ्यापुरतं 'दार लावून पाहणं' म्हणतो. नवा नियम काढून टाका, जुना नियम त्याच हंगामाच्या तक्त्यावर लावा आणि बघा, तुमचा नायक आत राहतो की बाहेर जातो. राहत असेल, तर त्याच्या यशाचं श्रेय त्या बदलाला देऊ नका. ही कच्ची तपासणी आहे, कारण नियम वेगळा असता तर संघ कदाचित वेगळे खेळले असते. पण पहिल्या चाळणीला पुरते.

मग विदर्भ जिंकला कशाने? दावेदार बरेच आहेत. २००८ पासून जामठ्याचं स्टेडियम, चंद्रकांत पंडित यांचं प्रशिक्षण, वसीम जाफर आणि गणेश सतीश यांच्यासारखे बाहेरून आलेले अनुभवी फलंदाज, उमेश यादवच्या पाठोपाठ आलेले वेगवान गोलंदाज. शिवाय २०१४-१५ आणि २०१५-१६ मध्ये संघ उपांत्यपूर्व फेरीत पोचलाच होता, म्हणजे चढण आधीच सुरू झाली होती. एका विजयावरून यातलं नेमकं कारण वेगळं काढता येत नाही. म्हणून आराखड्यात "यामुळेच" हा शब्द लिहिताना हात थोडा थांबू द्या.

दार खरंच उपयोगी पडलं, असं उदाहरण

आहे ना. राजस्थान, २०१०-११. प्लेटमधून सुरुवात. पहिल्याच सामन्यात दीपक चहरने १० धावांत ८ बळी घेतले आणि हैदराबादचा डाव २१ धावांत आटोपला. शेवटी बडोद्याला मागे टाकून राजस्थान विजेता. आता दार लावून पाहा: २००७-०८ चा नियम असता, तर हा संघ करंडकाच्या शर्यतीतच नसता. तो योगायोग होता का? पुढच्या वर्षी वरच्या पातळीवर खेळून राजस्थानने करंडक राखला.

असंच एक उदाहरण अमेरिकेतलं. तिथल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (हे त्यांचं अमेरिकन फुटबॉल, आपलं नव्हे) २०१४ पासून बाद फेरीत चारच संघ असत, २०२४ च्या हंगामात बारा केले. पहिल्या फेरीचे चारही सामने १० किंवा त्याहून जास्त गुणांच्या फरकाने संपले आणि टीका सुरू झाली की सगळं एकतर्फी होतंय. पण विजेता ठरला ओहायो स्टेट, मानांकनात आठवा. चारच संघ असते तर तो घरी बसून सामने पाहत असता.

एकतर्फी सामना म्हणजे तोटा?

विरोधी बाजूचा पुरावाही भक्कम दिसतो. २०१८-१९ मध्ये ईशान्येची सहा राज्यं, बिहार, उत्तराखंड आणि पुद्दुचेरी असे नऊ नवे संघ आले आणि प्लेटमधल्या अव्वल संघाला पुढे वाट मिळाली. निकाल बघा:

२०१८-१९: उत्तराखंड, विदर्भाकडून एक डाव आणि ११५ धावांनी पराभूत.
२०१९-२०: गोवा, गुजरातकडून ४६४ धावांनी पराभूत.
२०२१-२२: नागालँड विरुद्ध झारखंड. झारखंडच्या पहिल्या डावात ८८०, एकूण आघाडी १००८ धावांची, आणि सामना अनिर्णित.

तीनपैकी तीन. २०२२-२३ पासून प्लेटची अंतिम फेरी वेगळी झाली आणि ही वाट बंद झाली. इथेच लेख संपवून "तोटाच होतो" असं लिहिता आलं असतं.

पण आता चौथा सामना बघा. २०१७-१८ च्या उपांत्यपूर्व फेरीत विदर्भाने केरळला तब्बल ४१२ धावांनी हरवलं. पुढच्या वर्षी उपांत्य फेरीत पुन्हा, एक डाव आणि ११ धावांनी. एवढ्या मोठ्या फरकाने हरणाऱ्या संघाला बाद फेरीत घ्यायचं कशाला? तर हाच केरळ २०२४-२५ मध्ये पहिल्यांदा अंतिम फेरीत आला. वाटेत जम्मू-काश्मीरविरुद्ध पहिल्या डावात १ धावेची आघाडी, गुजरातविरुद्ध २ धावांची. नागपूरच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा विदर्भ. सामना अनिर्णित राहिला, आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता झाला. ४१२ पासून ३७ पर्यंत. (दोन वेगळी मापं आहेत, थेट वजाबाकी करू नका.)

म्हणजे एका सामन्यातला फरक हे माप अपुरं आहे. त्या दिवशी कोण भारी होतं, एवढंच ते सांगतं. दार उघडल्याने खेळाचं भलं झालं का, हे पुढच्या पाच-सात वर्षांत त्या संघाचं काय झालं यावरून कळेल. उत्तराखंड २०२१-२२ मध्ये मुंबईकडून ७२५ धावांनी हरला, प्रथम श्रेणी क्रिकेटमधला सगळ्यात मोठा फरक. पुढच्याच हंगामात तो पुन्हा उपांत्यपूर्व फेरीत होता. माप निवडताना घाई केली असती, तर हे दिसलंच नसतं.

दुसरी बाजू विसरू नका

दार रुंद करायला जागा कुठून येते, हेही विचारा. २०१६-१७ मध्ये गटात नऊ किंवा दहा संघ होते, म्हणजे प्रत्येकाला ८ किंवा ९ साखळी सामने. २०१७-१८ मध्ये गटात सात, म्हणजे ६. जो संघ बाद फेरीत गेला नाही, त्याच्या पोरांचे किमान दोन सामने कमी झाले. अमरावतीच्या जितेश शर्मासारखा खेळाडू आज आपण टीव्हीवर पाहतो, पण त्याच्या मागे रांगेत उभ्या पोराला सामने किती मिळतात, हा हिशोब विजेत्यांच्या यादीत येत नाही.

माझं मत आता असं आहे. बाद फेरीत संघ वाढवणं वाईट नाही. पण कच्चा संघ पक्का होतो तो साखळीत. दार रुंद करताना साखळी आखूड केली, तर एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होतं.

हेच मी पानटपरीवर जाऊन सांगितलं. ३२ संघांच्या बाद पद्धतीत ३१ सामने होतात आणि १६ संघ एकच सामना खेळून घरी जातात. संघ कितीही वाढवा, निम्म्यांचं नशीब म्हैसूरसारखंच. त्यापेक्षा चार-चारचे गट करा, प्रत्येकाला तीन सामने मिळतील. काकांनी बोटांवर हिशोब केला. आठ गट, प्रत्येकी सहा, साखळीचेच ४८ सामने.

"मैदान एकच हाये नं बाप्पा," काका म्हणाले. शेवटी २४ संघ ठरले, चारचे सहा गट, आणि सामने सहा-सहा षटकांचे.

आता तुमचं काम. तुमच्या विषयातला एक "यामुळे हे झालं" असा दावा घ्या, आधी लिहून काढा की काय मोजणार, मग दार लावून पाहा. नायक आत राहिला, तर वाईट वाटून घेऊ नका. माझाही राहिला होता.